एक मिक्सर, दोन कामं : प्रकल्पाच्या नोंदी

६ मार्च २०२५

ऑडिओ मिक्सर घ्यायचा आहे, म्हणजे माइक, गाणी, वाद्यं असे वेगवेगळे आवाज एकत्र करणारं यंत्र. बजेट पंचवीस हजार. पंधरा माझे, दहा ताईचे. १८ टक्के जीएसटी आणि केबली त्यातच बसवायच्या.

माझं काम शनिवार-रविवारचं: हळद, वाढदिवस, सोसायटीचे कार्यक्रम. जुना दोन डेकचा डीजे कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं यंत्र) आणि लॅपटॉप घरचा आहे. टॉप आणि बेसचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने येतात. सोबत दोन माइक लागतात, एक निवेदनाला आणि एक ऐनवेळी कोणा काकूंना गाणं म्हणायचं असतं त्यासाठी.

ताईला घरी भीमगीतं रेकॉर्ड करायची आहेत. गळा, ढोलकी, पेटी, मागे दोघींचा कोरस. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी लोटते, त्याआधी चार गीतं तयार हवीत असं तिनं ठरवलंय. आतापर्यंत सगळं मोबाइलवर व्हायचं आणि ढोलकीखाली गळा दबायचा.

दोघांनी वेगवेगळ्या वस्तू घेतल्या तर दोघांच्याही हलक्या येतील. म्हणून एकच मिक्सर. ताईची अट अशी की शनिवारी मिक्सर हॉलवर गेला तरी रविवारी सकाळी तो धुळीशिवाय घरी पाहिजे.

९ मार्च

नागपुरातच इंदोऱ्याला मामाकडे. मामाचं साउंडचं काम जुनं आहे, गोडाऊनमध्ये बेसच्या पेट्या छतापर्यंत. मी मोबाइलमध्ये साठवून नेलेले फोटो दाखवले: क्रॉसफेडरवाले (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी असलेले) डीजे मिक्सर, बटणांची रांग, मीटरचे हिरवे-लाल दिवे. मामानं चष्मा वर केला.

“गाणं कुठं मिक्स होऊन राहिलं बे तुयं? कंट्रोलरमंधीच ना? मंग या क्रॉसफेडरचं काय लोणचं घालतं?”

खरं आहे. माझ्या कंट्रोलरवर दोन चॅनेलचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या), क्रॉसफेडर, ईक्यू (खर्ज आणि तीव्र स्वर कमी-जास्त करायचे नॉब), हेडफोनचा क्यू, सगळं आहे. त्यातून बाहेर येतो तो तयार स्टिरिओ. त्याच्यापुढे दुसरा डीजे मिक्सर लावला तर त्याचा क्रॉसफेडर एका बाजूला सरकवून ठेवण्यापलीकडे मला काही काम नाही. डीजे मिक्सरची खरी गरज त्याला, ज्याच्याकडे दोन टर्नटेबल किंवा दोन सीडीजे (डीजेचे प्लेयर) आहेत आणि मध्ये काही नाही.

मामाची दुसरी सूचना अ‍ॅडॉप्टरची. लहान मिक्सर बहुतेक बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात आणि त्याची पिन दर कंपनीची वेगळी. “मंडपात कोणाचा तरी पाय लागते, अन् मिक्सर बंद.” त्यानं स्वतःच्या मिक्सरची वायर हँडलला कापडी टेपने बांधून ठेवलेली दाखवली. विकत घेतल्यावर पहिलं काम हेच, असं लिहून घेतलं.

निघताना मामीनं सांबारवडीचा डबा दिला. ही नोंद प्रकल्पाशी संबंधित नाही.

१५ मार्च

मामाचं म्हणणं पटलं असलं तरी डीजे मिक्सर पूर्ण वगळण्याआधी दोन्ही जातींचे पॅनेल शेजारी ठेवून पाहिले. दिसायला भाऊ, पण आतून गोत्र वेगळं.

डीजे मिक्सरचा जीव क्यूमध्ये. पुढचं गाणं लोकांना ऐकू न जाता हेडफोनमध्ये ऐकता आलं पाहिजे, म्हणजे आवाज फेडरच्या आधीच उचलून हेडफोनकडे न्यायचा. रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर याच सोयीला पीएफएल म्हणतात, पण आमच्या बजेटातल्या लहान मिक्सरवर ते बहुधा नसतंच. जुगाड एक आहे: ज्या मिक्सरला प्री-फेडर ऑक्स सेंड (फेडरच्या आधीच आवाज बाहेर काढणारी जादा वाट) आहे त्याच्या ऑक्सला हेडफोनचा लहान अ‍ॅम्प लावायचा आणि चॅनेलचा फेडर खाली ठेवून ऑक्स उघडायचा. चालतं, पण दोन गाण्यांच्या मध्ये हात चार ठिकाणी जातो. स्वस्त मिक्सरवरचा एकुलता सेंड पुष्कळदा इफेक्टसाठी असतो आणि तो पोस्ट-फेडर असतो. फेडर खाली गेला की तोही गप्प. मग जुगाडही नाही.

उलट बाजूने पाहिलं तर डीजे मिक्सर ताईच्या काहीच कामाचा नाही. माइकची इनपुट एक किंवा दोन, फँटम पॉवर (काही माइकांना मिक्सरमधूनच लागणारी वीज) सहसा नाही, माइकला नीट गेनचा (आत येणारा आवाज वाढवायचा) नॉब नाही, पॅन (आवाज डावी-उजवीकडे न्यायचा नॉब) नाही. टॉकओव्हर मात्र असतं: बोललं की गाणं आपोआप दबतं. निवेदकाला ते सोन्यासारखं, ढोलकीसोबत गाणाऱ्या बाईला शिक्षा.

कंट्रोलर घरात आहे म्हणून आमचा तराजू रेकॉर्डिंगच्या मिक्सरकडे झुकतो. कंट्रोलर नसता तर मी ताईला तिचे दहा हजार परत देऊन एक साधी दोन इनपुटची साउंड कार्ड घ्यायला लावली असती आणि माझा मिक्सर वेगळा घेतला असता. हे कोणी विचारलं तर हेच सांगेन: गाणी कुठे मिसळणार आहेत ते आधी ठरवा, मग दुकानात जा.

२२ मार्च

मेट्रोने बर्डी, तिथून सदर. दुकानदाराचा पहिला प्रश्न “किती चॅनेल?” आणि दुसरा “ब्लूटूथवाला देऊ?” दहा चॅनेल म्हणजे दहा माइक असं समजून लोक घेऊन जातात, असं तोच हसत म्हणाला. दहाच्या मिक्सरमध्ये माइक चारच लागतात, बाकीची लाइन इनपुटं, तीही जोडीजोडीने मोजलेली. कुठे दोनच.

ब्लूटूथ नको. कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून पाठवण्या-उलगडण्यात, तो उशिरा येतो आणि फोन वाजला की रिंगटोन सगळ्या हॉलभर.

२४ मार्च

आज रात्री फक्त यूएसबी. हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळ खाणार हे दिसत होतं.

डब्यावर “यूएसबी मिक्सर” लिहिलेलं असतं. ताईला वाटत होतं की चार माइक लावले की संगणकात चार वेगळे ट्रॅक येतील, मग ढोलकी जास्त झाली तर नंतर कमी करू. बहुतेक स्वस्त मिक्सरमध्ये असं होत नाही. संगणकाला जातो तो फक्त तयार स्टिरिओ मिक्स, डावा आणि उजवा. गळा आणि ढोलकी एकदा त्यात मिसळले की दुधात विरघळलेली साखर. मिक्सरवर ज्या प्रमाणात होते त्याच प्रमाणात कायमचे.

पाहिलेल्या मॉडेलांची ताईसाठी नोंद:

बेरिंजर झेनिक्स क्यू८०२यूएसबी. दोन माइक, यूएसबीवर दोन आत दोन बाहेर (संगणकात दोन ट्रॅक जातात, दोन परत येतात), १६ बिट. बजेटच्या खूपच आत. ढोलकी आणि गळा एवढंच असेल तर पुरे, पण कोरसला जागा नाही.

यामाहा एमजी१०एक्सयू. चार माइक, यूएसबी दोन आत दोन बाहेर पण २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत. पहिल्या दोन चॅनेलना एका नॉबचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा), २४ इफेक्ट. फेडर नाहीत, गोल नॉब. बजेटच्या काठावर.

यामाहा एजी०३. लाइव्ह स्ट्रीमिंगवाल्यांचा लाडका, लूपबॅक (संगणकाचा आवाजही स्ट्रीममध्ये घालायची सोय) आहे. माइक प्रीअ‍ॅम्प एकच. आमच्या घरात एका माइकवर भागणार नाही.

मॅकी प्रोएफएक्स१०व्ही३. संगणकाला दोन, संगणकाकडून चार. परत येणारे दोन जास्तीचे चॅनेल मला उपयोगी, ताईला नाहीत.

अ‍ॅलन अँड हीथ झेडईडीआय-१०. चार आत चार बाहेर, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ. ताईचा जीव इथेच अडकला. चार स्वतंत्र ट्रॅक म्हणजे गळा, ढोलकीच्या दोन पुड्या, पेटी. पण मिळालेला भाव बजेटच्या बाहेर.

झूम लाइव्हट्रॅक एल-८. यूएसबीवर बारा आत चार बाहेर, शिवाय संगणकाशिवाय एसडी कार्डवर बारा ट्रॅक, आणि चार एए सेलवरसुद्धा चालतो. वीज गेली तरी रेकॉर्डिंग चालू! बजेटच्या बऱ्याच वर. टॅसकॅम मॉडेल १२ त्याच्याही पुढे. दोन्हींचे फोटो ताईनं मोबाइलमध्ये ठेवून घेतले.

१६ बिट की २४ यावर आमचा थोडा वाद झाला. कागदावर १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलची झेप, २४ मध्ये १४४. ताईच्या खोलीत पंखा बंद केल्यावरही गल्लीचा, कुत्र्यांचा, शेजारच्या कुकरचा आवाज आहे, तेव्हा १४४ वापरायची सोय कोणाची? माझं मत असं की २४ चा फायदा वेगळा आहे: रेकॉर्ड करताना पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. ढोलकीचा एखादा ठोका अचानक उसळला तरी फाटत नाही, आणि नंतर आवाज वाढवला तरी खाली खरखर वर येत नाही.

२ एप्रिल

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर चार ट्रॅक देणारा एक वापरलेला मिक्सर निम्म्या भावात दिसला. नंदनवनला जाऊन पाहिला. मल्टीमीटर आणि हेडफोन सोबत नेले होते.

जुना मिक्सर पाहायचा क्रम मामानं फोनवर सांगितलेला. हेडफोन लावायचा, काहीही न जोडता सगळे गेन पूर्ण उघडायचे: एकसारखी सळसळ ठीक, चिरचिर किंवा गुणगुण असेल तर सोडायचा. मग प्रत्येक फेडर, प्रत्येक नॉब हळू फिरवायचा. फेडरच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसली की खर्रर्र आवाज येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने धूळ जाते, पण पट्टी झिजली असेल तर फेडरच बदलावा लागतो.

फँटम तपासायला मल्टीमीटर. कॅनन (माइकच्या तीन पिनांच्या, एक्सएलआर) सॉकेटच्या पिन १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये डीसी व्होल्टेज मोजायचं. ४८ पाहिजे, चार कमी-जास्त चालतं. इथे तीन चॅनेलवर बरोबर आलं आणि चौथ्यावर २ आणि ३ यांच्यात मोठा फरक. तिथला एक रेझिस्टर गेला असणार. विकणारा मुलगा प्रामाणिक होता, त्यालाही माहीत नव्हतं. चार ट्रॅकसाठी घ्यायचा आणि चौथा चॅनेलच लंगडा, मग घेऊन काय करायचं? सोडला. ताई हिरमुसली.

११ एप्रिल

१४ एप्रिलपर्यंत मामा फोनही उचलणार नाही. सगळा माल रॅलीला. प्रकल्प थांबला.

१६ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या काकांना कळलं की आम्ही मिक्सर घेतोय. त्यांच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेयर आणि नाट्यसंगीताच्या एलपी आहेत. “तेवढं संगणकात भरून द्याल का?” असं त्यांनी अगदी संकोचून विचारलं.

यामुळे एक दिवस डीजे मिक्सर पुन्हा चर्चेत आला, कारण त्यांना फोनो इनपुट असते. टर्नटेबलच्या सुईतून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचाच असतो, लाइन इनपुटला लावला तर डासासारखा ऐकू येतो. शिवाय तबकडी कापताना मुद्दाम खर्ज दाबलेला असतो, म्हणजे खाचा अरुंद राहतात आणि एका बाजूला जास्त वेळ मावतो; तीव्र स्वर मात्र चढवलेले असतात. ऐकताना हे उलटं करावं लागतं. त्याचा १९५४ पासूनचा ठरलेला वक्र म्हणजे आरआयएए. फोनो इनपुट ही दोन्ही कामं करते: आवाज वाढवते आणि वक्र सरळ करते.

रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर हे सहसा नसतं, पण वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प छोट्या डबीएवढा आणि स्वस्तात मिळतो. आधी काकांचा प्लेयर उघडून पाहिला तर मागे “लाइन आउट” लिहिलेलं निघालं, प्रीअ‍ॅम्प आतच आहे. प्रश्न सुटला. फोनोसाठी डीजे मिक्सर घ्यायची गरज नाही. काकांनी सुपारी दिली.

२० एप्रिल

घेतला. यामाहा एमजी१०एक्सयू.

चार ट्रॅकचा मोह ताईनं स्वतःच सोडला. तिचा हिशोब असा: ढोलकीवाला दादा आणि ती एकत्र एकाच बैठकीत बसतात, तेव्हा एका वेळी दोनच गोष्टी वेगळ्या हव्यात. पेटी आणि कोरस नंतर वरून घेता येतील. आणि दोन वेगळ्या गोष्टी तर स्टिरिओतही येतात. गळ्याचा पॅन पूर्ण डावीकडे, ढोलकीचा पूर्ण उजवीकडे. संगणकात डावा ट्रॅक म्हणजे फक्त गळा, उजवा म्हणजे फक्त ढोलकी. सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ फोडून दोन मोनो करायचे, झालं. हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा मी चहा पीत होतो. मला सुचायला हवं होतं असं ती म्हणाली.

दुकानात स्वतःचा लॅपटॉप लावून तपासलं. एका चॅनेलवर बोललो, पॅन डावीकडे. उजव्या ट्रॅकवर रेष सपाट. मगच पैसे दिले.

फेडर नाहीत याचं मला वाईट वाटतं. माझ्या बोटांना सरकवायची सवय आहे. पण मी जिथे सरकवतो ते कंट्रोलरवर आहेच.

२१ एप्रिल

केबली: कंट्रोलरच्या आरसीएपासून (लाल-पांढऱ्या घरगुती आउटपुटपासून) मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलपर्यंत आरसीए ते पी-३८ (पाव इंची जॅक) ची जोडी. माइकसाठी कॅनन ते कॅनन, चार. बॉक्सकडे जायला मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून बॅलन्स्ड. बॅलन्स्ड तारेत तोच आवाज दोन वायरींतून सुलटा आणि उलटा जातो, वाटेत शिरलेला कचरा दोन्हींवर सारखाच बसतो आणि टोकाला एकमेकांतून वजा होतो. हॉलमध्ये वायर लायटिंगच्या वायरीशेजारून जाते, तिथे याचा फरक कळतो.

आरसीएचा आवाज कमी का येतो हा प्रश्न भाड्याच्या सेटवर नेहमी पडायचा. घरगुती लाइनची पातळी -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. व्यावसायिक लाइनची +४ डीबीयू, १.२२८ व्होल्ट. फरक जवळजवळ १२ डेसिबलचा. त्यामुळे कंट्रोलरचा नॉब थोडा चढाच ठेवावा लागतो, यात बिघाड काही नाही.

अ‍ॅडॉप्टरची वायर टेपने बांधली. आमच्या मिक्सरला हँडल नाही, म्हणून जाड फळीवर मिक्सर बसवून फळीला बांधली.

२७ एप्रिल

घरी पहिल्यांदा सगळं एकत्र जोडलं आणि गुणगुण सुरू झाली. भाऊच्या लग्नातली रेकॉर्डिंगं आठवली, त्यातही हाच आवाज आहे.

आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तोच सूर, आणि त्याच्या दुपटीचा १०० चा, बॉक्समधून येतो. कारण शोधायला एकेक वायर काढत गेलो. कंट्रोलर यूएसबीने लॅपटॉपला, मिक्सरही यूएसबीने त्याच लॅपटॉपला, आणि मध्ये कंट्रोलर ते मिक्सर आरसीए. ग्राउंडचं पूर्ण वर्तुळ तयार झालेलं. आरसीए काढली की आवाज गप्प. लॅपटॉपचा चार्जर काढला तर गुणगुण अर्धी, आणि एक बारीक शिट्टी होती तीही गेली.

मामानं त्याचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स पाठवला. आरसीएच्या वाटेत तो घातला की दोन यंत्रांच्या तारा एकमेकांना चिकटतच नाहीत, आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो. ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबलं आणि शांत. त्यानं बजावून सांगितलं: “अर्थिंगची पिन मोडू नको. मोडून गुणगुण बंद करणारे लय पाह्यले, अन् माइक धरल्यावर शॉक खानारेही पाह्यले.” थ्रीपिनमधली मोठी पिन अंगावर करंट येऊ नये म्हणून आहे, आवाजासाठी नाही. हे मोठ्या अक्षरात फळीच्या मागे लिहून ठेवलंय.

कायमचा उपाय म्हणून हॉलवर डीजे सेट रेकॉर्ड करायचा असेल तेव्हा मिक्सरची यूएसबी लॅपटॉपला लावायचीच नाही. ती ताईच्या दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, तो बॅटरीवर.

४ मे

पहिलं फंक्शन, त्रिमूर्तीनगरात हळद. संध्याकाळी सातला सुरू, दहाला बंद. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नाही, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बेस वाजला की ५५ ची रेषा कुठे राहते ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण दहाचा नियम आम्ही पाळला, कारण मंडपाला लागून एका आजीचं घर होतं आणि त्या खिडकीत बसूनच होत्या. दहा वाजता त्यांनी हात हलवला.

मिक्सरचं मत: माइकच्या दोन चॅनेलना कॉम्प्रेसरचा नॉब थोडा उघडला, त्यामुळे निवेदक ओरडला तरी फाटलं नाही आणि कुजबुजला तरी पोचलं. ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज कापणारा) दोन्ही माइकवर चालू ठेवला. पायांचे धक्के आणि माइक हातात फिरवल्याचे ढब्ब आवाज गेले. इफेक्टमधला इको एका काकूंना इतका आवडला की त्या निवेदन संपवायलाच तयार नव्हत्या.

नॉबचा त्रास एकदाच झाला. माइक शिट्टी मारायला लागला आणि मला तो क्षणात खाली करायचा होता. फेडर एका फटक्यात खाली येतो, नॉब मनगट फिरवून आणावा लागतो. त्या चॅनेलच्या नॉबवर पांढरी टिकली चिकटवली आहे, अंधारात आधी हात तिथेच जाईल.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. ताई कार्यक्रमात, मी झोपलो.

१८ मे

घरी रेकॉर्डिंगची पहिली बैठक. गळ्याला डायनॅमिक माइक, ढोलकीला एकच माइक, शाईच्या पुडीकडे थोडा जास्त झुकवून. दोघांच्या मध्ये गादी उभी केली. तरी ढोलकी गळ्याच्या माइकमध्ये शिरतेच. पूर्ण वेगळं हवं असेल तर दोन खोल्या लागतील, आणि मग ती एकमेकांकडे बघून वाजवणार कशी? ताईनं ठामपणे नाही म्हटलं. बघून वाजवलेलं गीत वेगळं लागतं, शिरू दे थोडी ढोलकी.

पातळी: सगळ्यात मोठा ठोका -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये ठेवला. इफेक्ट पूर्ण बंद, कॉम्प्रेसर शून्यावर. यूएसबीतून जे जातं ते मिक्सरवर झालेलं सगळं घेऊन जातं. इको एकदा रेकॉर्ड झाला की काढता येत नाही, कोरडं घेतलं की नंतर हवा तेवढा घालता येतो. ढोलकीवाल्या दादाला हेडफोनमध्ये एका कानात ताई आणि दुसऱ्यात स्वतः ऐकू यायचं विचित्र वाटलं. दुसऱ्या गीताला त्यानं हेडफोन काढूनच वाजवलं आणि तेच जास्त चांगलं आलं.

२५ मे

नवतपा लागला. घरात कूलरशिवाय बसणं अशक्य आणि कूलरसोबत रेकॉर्ड करणं त्याहून अशक्य. पंप, मोटर, पंखा, खाली टपटपणारं पाणी. हाय-पासने मोटरचा खालचा घरघराट थोडा कमी होतो, पण हवेचा सळसळाट सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो, तो कापला तर ताईचा श्वासही कापला जातो. सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन लावून पाहिलं, गळा पाण्याखालून आल्यासारखा झाला.

दोन उपाय. एक, कार्डिऑइड माइकची पाठ बहिरी असते, तेव्हा माइकची शेपटी कूलरकडे आणि तोंड ताईकडे. बरंच कमी झालं. दुसरा उपाय ताईचा: पहाटे साडेपाचला उठायचं, कूलर बंद करायचा, खिडक्या लावायच्या आणि खोली तापायच्या आत एक गीत संपवायचं. ढोलकीवाला दादा पहाटे येईल का, याची मला शंका होती. आला. चहा मात्र त्यानं आधी मागितला.

३ जून

आज पेटी, वरून. आधी रेकॉर्ड केलेला गळा-ढोलकीचा ट्रॅक ताईनं हेडफोनमध्ये ऐकायचा आणि त्यावर पेटी वाजवायची. मिक्सरवर संगणकातून परत येणाऱ्या आवाजासाठी एक बटण आहे: फक्त मॉनिटरकडे की मुख्य मिक्समध्येही. ते मॉनिटरवर ठेवलं, त्यामुळे जुना आवाज हेडफोनमध्ये येतो पण नव्या ट्रॅकमध्ये पुन्हा रेकॉर्ड होत नाही. या एका बटणासाठी हा मिक्सर घेतला असं मी आता म्हणतो. आधी म्हटलं नव्हतं.

पेटी ताईला थेट मिक्सरमधूनच ऐकू येते, संगणकाचा फेरा मध्ये नाही, म्हणून उशीर जाणवत नाही. संगणकातून ऐकली असती तर २५६ सॅम्पलच्या बफरला (संगणक आवाज साठवून मग पुढे पाठवतो त्या तुकड्याला) ४८ किलोहर्ट्झवर जायचे ५.३ मिलिसेकंद, यायचे तेवढेच, वर ड्रायव्हरचे आणखी. ढोलकीला ते खटकतं.

तरी नवा ट्रॅक जुन्यापेक्षा किंचित मागे बसतो. हेडफोन माइकला चिकटवून सॉफ्टवेअरमधला मेट्रोनोम वाजवला आणि तोच परत रेकॉर्ड केला. मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांतलं अंतर मोजून तेवढी दुरुस्ती सेटिंगमध्ये कायमची भरली. आता जुळतं. बफर बदलला की पुन्हा मोजायचं.

८ जून

शिल्लक: मामाचा डीआय बॉक्स परत द्यायचा आणि स्वतःचा घ्यायचा. दुसरा अ‍ॅडॉप्टर, तीच पिन आणि तेवढाच करंट देणारा. आईनं शिवलेलं कापडी कव्हर एक इंच लहान झालंय, उसवून पुन्हा. काकांच्या एलपी पावसाळ्यात, फंक्शनं कमी असतात तेव्हा. कोरससाठी दोघींचं वेळापत्रक ताई जुळवतेय, एकीची शाळा २३ ला सुरू होते, त्याआधी दोन सकाळी लागतील.